खरवडलेले डांबर, कमी तापमान आणि रस्त्याचा थकवा

पावसाळा सरला की ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रात्री अकरानंतर कधीतरी मिलिंगचे काम चाललेले दिसते. पोलादी दात बसवलेला ड्रम रस्त्याचा वरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर खरवडत पुढे सरकतो आणि तो काळा चुरा पट्ट्यावरून डंपरमध्ये पडत राहतो. कडेला सांडलेला सुपारीएवढा एक तुकडा मी एकदा घरी आणला. त्यात बेसाल्टची खडी होती, कच होती आणि या सगळ्याला धरून ठेवणारे डांबर होते. ते नखाने दाबले तर खूण उमटेना, आणि हातोडीचा हलका ठोका बसताच तुकडा विटेसारखा फुटला. ताजे डांबर घातलेले मिश्रण असे फुटत नाही, ते आधी दबते. जुने, असे कडक झालेले डांबर नव्या मिश्रणात घातले आणि ते मिश्रण नेहमीपेक्षा कमी तापमानाला तयार केले, तर त्यातून बांधलेला रस्ता वाहनांचा मारा सोसण्यात कमी पडेल का, हा प्रश्न त्या तुकड्यापासूनच सुरू होतो.

जाता जाता एका शब्दाविषयी. आपण ज्याला डांबर म्हणतो ते आज बहुतेक सर्व ठिकाणी बिटुमेन असते, म्हणजे खनिज तेलाचे शुद्धीकरण केल्यावर तळाशी उरणारा जड, चिकट पदार्थ. खरे डांबर दगडी कोळशापासून निघते, आणि कपाटात कपड्यांमध्ये ठेवायच्या डांबराच्या गोळ्यांना ते नाव त्या कोळशाच्या डांबरावरून मिळाले आहे. बोलण्यात रूढ झालेला शब्द बदलण्याचे कारण नाही, म्हणून या लेखातही डांबर म्हणजे बिटुमेनच समजावे. खरवडून निघालेल्या मालाला अभियंते ‘रॅप’ म्हणतात, तोच शब्द येथे वापरतो.

न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर मुंब्रा बायपास आणि ठाणे ओलांडून बहुतेक वेळा घोडबंदर मार्गे अहमदाबाद महामार्गाला लागतात. अशा ट्रेलरची एक आस, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणारा दांडा, रस्त्यावरून जाते तेव्हा डांबरी थर डोळ्यांना दिसणार नाही इतका खाली वाकतो. वाकलेल्या थराची वरची बाजू दाबली जाते आणि तळ ताणला जातो. हे ताणले जाणे मोजण्याच्या मापाला स्ट्रेन म्हणतात. ते दहा लाखांत दोनशे भाग असेल, तर एक मीटर लांबीचा तळ क्षणभर जेमतेम ०.२ मिलिमीटरने लांबतो. एका फेरीने काहीच बिघडत नाही. मात्र तीच क्रिया लाखो वेळा घडली की तळाशी सूक्ष्म भेगा पडतात, त्या एकमेकींना मिळतात, वर चढत येतात आणि शेवटी पृष्ठभागावर मगरीच्या पाठीसारखी जाळी उमटते. वारंवार वाकण्यामुळे येणारी ही दुर्बलता म्हणजे रस्त्याचा थकवा. खड्डा हा पुष्कळदा त्याचा शेवटचा अंक असतो. जाळीतून पाणी शिरते, चाकांखाली त्याचा दाब वाढतो आणि सुटे झालेले तुकडे उखडले जातात. आपण मात्र पावसाला दोष देऊन मोकळे होतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेच्या २०१८ सालच्या आवृत्तीत थकव्याचे गणित दिले आहे. रस्त्याच्या २० टक्के क्षेत्रावर अशा भेगा पडेपर्यंत किती प्रमाणित आसांच्या फेऱ्या होतील, हे त्यातून काढता येते. प्रमाणित आस म्हणजे ८० किलोन्यूटन, सुमारे ८.१६ टन भाराची. त्या सूत्रात आयुष्य हे स्ट्रेनच्या ३.८९ या घाताच्या व्यस्त प्रमाणात येते. साध्या भाषेत सांगायचे तर तळाचा स्ट्रेन केवळ २० टक्क्यांनी वाढला की आयुष्य निम्म्यावर येते. जवळजवळ हाच कल जुन्या ‘चौथ्या घाता’च्या नियमात दिसतो: रस्त्याचे नुकसान आसेवरील भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून तो नियम मिळाला. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी आसेची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली गेली. भारातील वाढ तेरा टक्क्यांच्या आत वाटते, परंतु चौथ्या घाताने पाहिले तर त्या आसेच्या एका फेरीचे नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. म्हणून रॅपविषयी बोलताना ‘जुना माल घातला म्हणून रस्ता गेला’ असे कोणी म्हणाले, तर आधी त्या रस्त्यावरून काय धावत होते ते विचारावे.

आता डांबराच्या वयाकडे वळू. डांबर हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते, त्यातील तेलकट भाग घटतो, जड रेणूंचा वाटा वाढतो आणि ते ताठर होते. हे सर्वांत वेगाने घडते ते मिश्रण तयार होताना, कारण त्या वेळी तापमान उच्च असते आणि डांबर खडीवर काही मायक्रॉनच्या पातळ पापुद्र्यात पसरलेले असते. प्रयोगशाळेत याची नक्कल करताना डांबर १६३ अंश सेल्सिअसला फिरत्या बाटल्यांमध्ये ८५ मिनिटे ठेवतात, त्यावरून मिश्रण बनवणाऱ्या प्लँटमधल्या थोड्या वेळात डांबराला किती वय चढत असेल याची कल्पना येते. त्यानंतर रस्त्यावरची वर्षे. मे महिन्यात दुपारी ठाण्यातील डांबरी पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापतो आणि वय वाढणे संथपणे चालूच राहते.

नेहमीचे हॉट मिक्स १५० ते १६५ अंशांना तयार करतात, तर वॉर्म मिक्स साधारण २० ते ४० अंश कमी तापमानाला. हे तंत्र १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात पुढे आले. आपल्याकडे त्यासाठी आयआरसी एसपी १०१ ही स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. कमी तापमानाला डांबर घट्ट राहते आणि खडीला नीट माखत नाही, ही मूळ अडचण. ती दूर करण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. एकीत गरम डांबरात किंचित पाणी सोडून त्याचा फेस करतात. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १७०० पट होते, डांबर फुगते आणि काही काळ सहज पसरते. झिओलाइट नावाचे खनिज पोटात पाणी धरून ठेवते आणि तापल्यावर ते हळूहळू सोडते, म्हणून तेही फेसासाठी वापरतात. काही ठिकाणी शंभर अंशांच्या आसपास वितळणारे मेण घालतात, तर काही ठिकाणी साबणासारखी रसायने, जी डांबर आणि दगड यांच्यातील घर्षण कमी करतात. थकव्याच्या दृष्टीने या पद्धती सारख्या नाहीत. मेण थंड झाल्यावर गोठते आणि मिश्रणाला ताठरपणा देते. रसायनांमुळे तसे होत नाही. ‘वॉर्म मिक्स थकव्याला चांगले की वाईट’ असा एकच प्रश्न विचारला तर उत्तर चुकते, ते यामुळेच.

खुद्द डांबराच्या बाबतीत कमी तापमानाचा थेट लाभ एकच आहे, पण तो मोठा आहे. प्लँटमध्ये डांबराचे वय कमी चढते, म्हणून ते सुरुवातीला मऊ आणि ताण सोसणारे राहते. पुढे रस्त्यावरच्या वर्षांत हा फरक हळूहळू पुसट होत जातो. अमेरिकेतील वाहतुकीखालच्या रस्त्यांच्या पाहण्यांत वॉर्म मिक्स आणि हॉट मिक्स यांची कामगिरी साधारण तुल्यबळ आढळली आहे. त्यामुळे ‘कमी तापवले म्हणजे कच्चे राहिले’ ही कामावर ऐकू येणारी शंका फारशी टिकत नाही. कच्चे राहू शकते ते दुसऱ्याच कारणाने. ते पुढे पाहू.

रॅपचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर जुन्या रस्त्याच्या मालाचा पुनर्वापर गांभीर्याने सुरू झाला. आज अमेरिकेत डांबरी मिश्रणात सरासरी सुमारे २० टक्के रॅप असते आणि जपानमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक. भारतात यासाठी २०१५ची आयआरसी १२० आहे. ठाणे-नवी मुंबई परिसरात खडी डोंगर फोडून येते, तुर्भ्याच्या बाजूच्या टेकड्यांचे उघडे पडलेले काळे कडे रेल्वेतून दिसतात. तो विचार केला तर एकदा फोडलेली खडी पुन्हा वापरावी हे सहज पटते. प्रश्न खडीचा नाहीच. तिला चिकटलेल्या डांबराचे काय होते, हा प्रश्न आहे.

समजा, मिश्रणात ३० टक्के रॅप आहे आणि त्या रॅपमध्ये वजनाने ४ टक्के जुने डांबर आहे. म्हणजे एकूण मिश्रणात १.२ टक्का डांबर जुन्या मालातून आले. मिश्रणाला एकूण ५ टक्के डांबर हवे असेल, तर नवे डांबर ३.८ टक्के घातले की हिशेब जुळला, असे कागदावर ठरते. या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. जुने डांबर पूर्ण वितळून नव्यात एकजीव झाले, असे ते गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्यातील काही भाग खडीला तसाच चिकटून राहतो आणि काळ्या दगडासारखा वागतो. तो निम्मा असेल, तर मिश्रणात ०.६ टक्का डांबर केवळ हिशेबात आहे आणि कामाला नाही. आकारमानाने ही तूट सुमारे १.४ टक्के होते.

या तुटीचा आयुष्यावर काय परिणाम होतो, तेही आयआरसी ३७च्या सूत्रातून काढता येते. त्यात हवेच्या पोकळ्या आणि परिणामकारक डांबर यांच्या आकारमानावरून एक गुणक येतो, त्याने आयुष्याचा आकडा गुणला जातो. पोकळ्या ३.५ टक्के आणि डांबर ११.५ टक्के असेल तर तो सुमारे २.३५ येतो. वरच्या उदाहरणातील १.४ टक्क्यांची तूट डांबराच्या आकड्यातून वजा केली तर गुणक १.८० वर, म्हणजे जवळजवळ पाऊण भागावर उतरतो. कोरडे मिश्रण रोलरखाली नीट बसले नाही आणि पोकळ्याही एका टक्क्याने वाढल्या, तर गुणक १.०२ उरतो. स्ट्रेन तोच, खडी तीच, वाहने तीच, आणि आयुष्य निम्म्याहूनही कमी. ही आकडेमोड मी उदाहरणादाखल केली आहे. प्रत्येक कामाचे आकडे वेगळे निघतील. पण बारीक दिसणारी तूट किती महाग पडते, हे तिच्यातून कळते.

कमी तापमानाची खरी अडचण इथे येते. जुन्या आणि नव्या डांबराचे रेणू एकमेकांत शिरण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. उष्णता कमी म्हणजे वेग कमी. म्हणजे वॉर्म मिक्सने नव्या डांबराचे तारुण्य राखले, पण जुन्याला जागे करण्याची ताकदही घटवली. यावर उपाय आहेत. मिश्रण तापलेल्या स्थितीत थोडा अधिक वेळ ठेवता येते, व्हीजी-३० या प्रतीऐवजी व्हीजी-१० सारख्या मऊ प्रतीचे नवे डांबर घेता येते, किंवा रिज्युव्हनेटर म्हणून ओळखली जाणारी तेले घालून जुन्या डांबराचा हरवलेला तेलकट भाग काही अंशी भरून काढता येतो. रॅप थेट ज्वाळेसमोर येऊ न देणे ही तर प्राथमिक अट आहे, कारण ज्वाळेने आधीच म्हातारे झालेले डांबर करपते. त्यातूनच मग ‘रॅप वाईट’ असा शिक्का बसतो.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष मात्र वाचकाला चक्रावून टाकतात. एका अहवालात रॅपने थकवा-आयुष्य वाढले म्हणतात, तर दुसऱ्यात घटले. दोन्ही खरे असू शकतात. सामान्य चाचणीत मिश्रणाची ३८० मिलिमीटर लांब, ६३ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच तुळई चार ठिकाणी धरून सेकंदाला दहा वेळा वाकवतात, आणि तिचा ताठरपणा मूळच्या निम्म्यावर आला की ती थकली असे मानतात. दहा लाख वेळा वाकवायला सुमारे २८ तास लागतात. यात वाक ठरवून दिला असेल, तर ताठर मिश्रणावर प्रत्येक वेळी मोठे बल येते आणि ते लवकर थकते. बल ठरवून दिले असेल, तर ताठर मिश्रण मुळातच कमी वाकते आणि अधिक काळ टिकते. एकाच मालाला एका परीक्षेत पहिला वर्ग आणि दुसऱ्या परीक्षेत नापास, असा हा प्रकार आहे.

रस्त्यावर यापैकी कोणती परीक्षा लागू होते, हे थराच्या जाडीवर ठरते. जाड थर स्वतःच भार पेलतो, म्हणून त्याची अवस्था ठरावीक बलाच्या चाचणीजवळ जाते. पातळ थर खालच्या रस्त्याच्या वाकण्यामागे फरफटत जातो. त्याला किती वाकायचे हे खालचा रस्ता ठरवतो. सूत्रातूनही हेच निघते. मिश्रणाचा ताठरपणा दुप्पट झाला, तर त्याच स्ट्रेनला आयुष्य सुमारे १.८ पटीने घटते, आणि ही घट भरून निघायला स्ट्रेन किमान १४ टक्क्यांनी कमी व्हावा लागतो. जाड थरात तो त्याहून पुष्कळ अधिक कमी होतो, चार सेंटिमीटरच्या थरात फारसा होत नाही. शिवाय सूत्राला ठिसूळपणा कळत नाही. ते नेहमीच्या मिश्रणांवरून बसवलेले आहे आणि ताठर पण चिवट माल व ताठर पण भुसभुशीत माल यांत भेद करत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की मुंब्रा बायपाससारख्या जड वाहतुकीच्या, जाड थरांच्या रस्त्यावर मधल्या डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम) या दाट डांबरी थरात रॅप आणि वॉर्म मिक्स दोन्ही निर्धास्तपणे वापरावेत. सर्वांत तळाच्या, जिथे ताण सर्वाधिक असतो त्या थरात डांबर अधिक आणि पोकळ्या कमी ठेवाव्यात. आणि भेगाळलेल्या जुन्या रस्त्यावर केवळ चार सेंटिमीटरचा पापुद्रा चढवायचा असेल, तर तिथे जास्त रॅप घालण्याचा मोह आवरावा. खालची भेग वर उमटणारच आहे. ताठर थरात ती लवकर उमटेल.

रोलरखालच्या दाबणीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण इथे कमी तापमानाचे तंत्र ठाण्याला विशेष उपयोगी आहे. नेहमीच्या मिश्रणाची दाबणी ते साधारण ९० अंशांवर येण्याआधी संपवावी लागते. प्लँटमधून १६० अंशांना निघालेला डंपर कापूरबावडीच्या कोंडीत अडकला, तर ताडपत्रीखालचा मालही कडेने थंड होतो, आणि माल पसरणाऱ्या यंत्रात, म्हणजे पेव्हरमध्ये, पडल्यावर त्या थंड गोळ्यांच्या जागी पोकळ्या राहतात. नुकत्याच झालेल्या रस्त्यावर ठरावीक अंतराने खरखरीत, उघड्या खडीचे पट्टे दिसतात, त्यांचे मूळ पुष्कळदा यात असते. वॉर्म मिक्स कमी तापमानालाही दबते, त्यामुळे रोलरवाल्याला जास्त अवधी मिळतो. वरच्या हिशेबात एक टक्का पोकळीची किंमत आपण पाहिलीच आहे. माझ्या दृष्टीने इंधनबचतीपेक्षा हा लाभ मोठा आहे.

आता ‘कच्चे राहण्या’ची गोष्ट. ऑक्टोबरमध्ये कामे सुरू होतात तेव्हा उघड्यावरचे खडीचे ढीग आतून ओले असतात. रॅपचे ढीग तर अधिकच, कारण चुरा पाणी धरून ठेवतो. उच्च तापमानात हे पाणी उडून जाते. कमी तापमानात ते खडीच्या छिद्रांत उरू शकते आणि डांबर दगडाला धरण्याऐवजी पाण्याच्या थराला धरते. अशा मिश्रणाची पकड सुटली की थकव्याची भेग वाट शोधत बसत नाही. आपला बेसाल्ट ग्रॅनाइटच्या तुलनेत डांबराला बरा धरतो, तरी वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ठाण्यात त्यावर विसंबून चालत नाही. मिश्रणाचे नमुने भिजवून, त्यांची ताण सोसण्याची शक्ती कोरड्या नमुन्यांच्या किमान ८० टक्के राहते का, हे तपासण्याची चाचणी आहेच. ती प्लँटमध्ये प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या, ढिगातल्या मालावर व्हावी. प्रयोगशाळेतील ओव्हनमध्ये वाळवलेल्या खडीवर ती उत्तीर्ण होणे फारसे काही सांगत नाही. रॅपचे ढीग छपराखाली ठेवणे, आणि दोन वेगळ्या रस्त्यांचा खरवडलेला माल एकत्र न करता चाळून वेगळा रचणे, ही स्वस्त कामे आहेत. पनवेलकडच्या महामार्गावरून निघालेला आणि एखाद्या सोसायटीच्या गल्लीतून निघालेला माल एकाच ढिगात गेला, तर वरच्या सगळ्या आकडेमोडीला आधारच राहत नाही.

काम झाल्यावर तपासणीसाठी रस्त्याचा कोअर कापतात, दंडगोल आकाराचा नमुना काढून त्यातील पोकळ्या आणि डांबर मोजतात. रॅप घातलेल्या रस्त्याचा कोअर फोडून पाहिला, तर उघड्या डोळ्यांनाही काही कळते: जुन्या मालाचे गोळे सुटे, राखाडी छटेचे दिसत असतील तर ते मिसळलेले नाहीत, आणि फुटलेल्या पृष्ठभागावर खडी काळी न राहता उघडी दिसत असेल तर पाण्याने पकड सोडवली आहे. हा नमुना चाकांच्या मार्गातून घ्यावा, दोन मार्गिकांच्या सांध्यातूनही एखादा घ्यावा. आणि तो काढल्यावर पडलेले दहा-पंधरा सेंटिमीटरचे भोक त्याच दिवशी नीट दाबून भरावे, कारण पहिल्या पावसात पाणी शिरते ते तिथूनच.